कोल्हापूरच्या फौंड्र्या आणि धुळीची गाळणी

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूरकडे येताना पंचगंगेच्या पुलाअलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. शहर मागे टाकून कागलच्या दिशेने गेले की गोकुळ शिरगावची वसाहत आणि त्याही पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. या तीन ठिकाणी आणि शहरातील जुन्या शिवाजी उद्यमनगरात मिळून तीनशेच्या आसपास ओतशाळा आहेत. कोल्हापूरच्या बोलण्यात त्यांना ‘फौंड्री’ हाच शब्द आहे. नदीचे पाणी उपसणारी ऑइल इंजिने आणि उसाचे चरक दुरुस्त करता करता येथील कारागीर त्यांचे सुटे भाग ओतू लागले, पुढे संपूर्ण इंजिने बनवू लागले. आज ट्रॅक्टर, मोटारी, पंप आणि व्हॉल्व्ह यांना लागणारे बिडाचे ओतकाम येथून देशभर व देशाबाहेर जाते. शेतीच्या गरजेतून उभ्या राहिलेल्या या उद्योगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यही आहे. या उद्योगाच्या धुळीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. धूळ दिसली तर गावकरी तक्रार करतात, दिसली नाही तर प्रश्न मिटला असे सर्वजण समजतात. हा समज कितपत बरोबर आहे, हे धूळ गाळणारे यंत्र कसे चालते ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

धूळ येते कोठून

बिडाचा रस सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापमानाला साच्यात ओतला जातो. हा साचा बहुधा वाळूचा असतो. सिलिकायुक्त वाळू, तिला बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी यांचे मिश्रण दाबून तो तयार करतात. रस थिजल्यावर साचा फोडून ओतीव वस्तू बाहेर काढली जाते. याला कामगार ‘नॉकआउट’ म्हणतात. या क्षणी वाळू तापलेली व कोरडी असते, जळलेल्या मातीची राख झालेली असते आणि यंत्राच्या थरथराटाने हे सर्व हवेत उधळते. पुढे तीच वाळू चाळून, थंड करून, पुन्हा पाणी व माती घालून वापरात येते. त्या प्रत्येक टप्प्यावर धूळ उडते. वस्तूला चिकटलेली वाळू पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने काढताना आणि कडा घासून साफ करताना जी धूळ निघते ती सर्वांत बारीक असते, कारण तेथे वाळूचा कण नुसता उडत नाही, फुटतो.

डोळ्यांना दिसणारी धूळ त्रासदायक असली तरी ती नाकात व घशात अडकते. मनुष्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसाच्या अगदी आतल्या पोकळ्यांपर्यंत पोचणारा कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान असतो आणि असे कण नेहमीच्या उजेडात दिसत नाहीत. सिलिकाचे असे कण वर्षानुवर्षे आत जात राहिले की फुप्फुसाचा भाग कठीण व निबर होतो. हाच सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. झालेली हानी भरून येत नाही आणि अशा रुग्णाला क्षयरोग होण्याची शक्यताही वाढते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने या रोगाचा समावेश शासनास कळवावयाच्या रोगांत केला होता. त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनयोग्य धुळीची मर्यादा काढण्याचे एक सूत्र देण्यात आले : धुळीतील क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवावेत आणि त्या बेरजेने दहाला भागावे. उत्तर दर घनमीटर हवेतील मिलिग्रॅममध्ये येते. उदाहरणार्थ, धुळीत १८ टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. एका घनमीटर हवेत अर्धा मिलिग्रॅम ! मिठाचा एखादा मोठा खडाही यापेक्षा जड भरेल. डोळ्यांच्या भरवशावर ही मर्यादा पाळता येणार नाही, हे यावरून लक्षात यावे.

कारखान्याच्या आतील हवेसाठी ही मर्यादा, तर धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेसाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील नियमांत वेगळी मानके आहेत. ताशी तीन टनांपेक्षा कमी रस काढणाऱ्या कुपोला भट्टीस दर घनमीटरला ४५० मिलिग्रॅम, तर तीन टन वा अधिक क्षमतेच्या कुपोलास आणि विजेच्या इंडक्शन भट्टीस १५० मिलिग्रॅम कणरूप पदार्थाची मुभा आहे. आत आणि बाहेर या दोन मर्यादा एकाच यंत्रावर अवलंबून असतात, आणि ते यंत्र म्हणजे कापडी धूळगाळणी. तिला व्यवहारात ‘बॅग फिल्टर’ म्हणतात.

कापड धूळ कशी अडवते

पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की घरोघरी हंड्याच्या तोंडाला घडी घातलेले कापड बांधून पाणी गाळण्याची पद्धत होती. लक्ष देऊन पाहणाऱ्यास आढळत असे की पहिला तांब्याभर पाणी गढूळच उतरते. कापडावर गाळाचा पातळ थर बसला की मग खाली स्वच्छ पाणी येऊ लागते. आणखी काही वेळाने थर जाड होतो व पाणी थेंबथेंब पडते. धूळगाळणीचे सारे शास्त्र या तीन अवस्थांत सामावले आहे. कापडाच्या धाग्यांमधील छिद्रे धुळीच्या कणांपेक्षा मोठी असतात, म्हणून कोरे कापड बारीक धूळ पुरती अडवू शकत नाही. त्यावर साचलेला धुळीचा थरच पुढच्या धुळीला अडवतो. तो थर नसेल तर धूळ पार होते, तो फार जाड झाला तर हवाच जात नाही. थर हवा, पण बेताचा हवा. बेताचा थर राखण्यासाठी कापड वरचेवर झटकावे लागते, आणि गाळणीची खरी परीक्षा या झटकण्यात आहे.

जुन्या गाळण्यांत विणलेल्या कापडाच्या पिशव्या टांगलेल्या असत. धूळ पिशवीच्या आतल्या बाजूस बसे. ठरावीक वेळाने पंखा बंद करून पिशव्या हाताने किंवा यंत्राने हलवीत. काम चालू असताना पंखा बंद ठेवणे परवडत नसल्याने गाळणीचे कप्पे करून एकेक कप्पा आलटून पालटून बंद ठेवावा लागे. त्यामुळे यंत्राचा आकार वाढे आणि हलणाऱ्या भागांची झीजही होई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मायक्रोपुल या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीत टी. व्ही. रायनॉअर या अभियंत्याने दाबलेल्या हवेचा क्षणिक झोत पिशवीत सोडून ती साफ करण्याची रीत काढली. पंखा बंद करावयास नको, कप्पे नकोत, आत हलणारे यंत्र नको. पुढे ही रीत जगभर पसरली आणि आज लहानमोठ्या कारखान्यांतील बहुतेक नव्या कापडी गाळण्या याच पद्धतीच्या असतात. फौंड्रीतील माणसे या झटकण्याला ‘पर्जिंग’ म्हणतात.

हवेचा हिसका

या गाळणीची रचना अवघड नाही. लोखंडी पत्र्याच्या मोठ्या पेटीत वरच्या बाजूस एक आडवा जाड पत्रा बसवलेला असतो. त्याला ओळीने गोल भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकातून नमद्यासारख्या दाट कापडाची एक लांब पिशवी खाली सोडलेली असते. पिशवीचे तळाचे तोंड शिवलेले व वरचे उघडे असते. पिशवी चेपू नये म्हणून तिच्या आत तारेचा पिंजरा घालतात. पंख्याच्या ओढीने धुळीची हवा पेटीत येते, धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर राहते आणि स्वच्छ हवा पिशवीतून वर जाऊन धुराड्याकडे निघते. पेटीचा तळ नरसाळ्यासारखा निमुळता असतो. झटकलेली धूळ त्यात पडते.

पिशव्यांच्या प्रत्येक ओळीच्या वर एक नळी असते आणि त्या नळीला प्रत्येक पिशवीच्या तोंडासमोर एक छिद्र असते. नळीच्या एका टोकाला झडप व तिच्यामागे दाबलेल्या हवेची टाकी. टाकीतील दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला पाच ते सहा किलोग्रॅम ठेवतात. विजेचा इशारा मिळताच रबरी पडद्याची झडप झटकन उघडते आणि सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात पुन्हा मिटते. तेवढ्या अवकाशात हवेचा झोत छिद्रांतून पिशव्यांत शिरतो आणि जाताना आजूबाजूची स्वच्छ हवाही आपल्यासोबत ओढून नेतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा झोत धूळ फुंकून काढतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फुंकण्याचा भाग थोडाच असतो. पंख्याच्या ओढीने पिंजऱ्याला आवळून बसलेली पिशवी झोत येताच एकदम फुगते आणि पूर्ण घेर होताच तितक्याच एकदम थांबते. कापड थांबते, पण त्यावरील धुळीचा थर थांबत नाही. तो सुटून खाली कोसळतो. घोंगडी झटकताना नेमके हेच घडते. घोंगडी हळूहळू हलवली तर तासभर हलवूनही धूळ तशीच राहते आणि एक जोरदार हिसका दिला तर ढग उठतो. म्हणून झोत जितका अचानक तितका उपयोगी. लांबलेला झोत उपयोगाचा नसतो. पहिल्या हिसक्यानंतर जाणारी हवा फुकट जाते आणि तिच्यामुळे टाकीतील दाब उतरून पुढच्या ओळीचा हिसका दुबळा होतो.

झटकलेली सर्व धूळ तळाशी पोचतेच असे नाही. खालून वर वाहणारी हवा बारीक धूळ पुन्हा उचलते आणि शेजारच्या पिशवीवर नेऊन बसवते. यासाठी ओळी क्रमाने न झटकता मधल्या काही ओळी सोडून झटकण्याचा क्रम लावलेला चांगला. पिशव्यांची फार दाटी करून, थोड्या जागेत खूप कापड बसवले, असे सांगून विकलेल्या गाळणीत हा दोष हमखास आढळतो. कागदावर कापडाचे क्षेत्रफळ पुरेसे असते, पण दोन पिशव्यांमधून हवा इतक्या वेगाने वर जाते की धुळीला खाली पडायला उसंतच मिळत नाही.

किती वेळा झटकावे

एका मध्यम फौंड्रीच्या वाळू विभागाचे उदाहरण घेऊ. समजा, १५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तीन मीटर लांबीच्या शंभर पिशव्या दहा ओळींत टांगल्या आहेत. एका पिशवीचे क्षेत्रफळ सुमारे १.४१ चौरस मीटर, म्हणजे एकूण १४१ चौरस मीटर कापड झाले. पंखा ताशी १०,२०० घनमीटर, म्हणजे मिनिटाला १७० घनमीटर हवा ओढतो. तेव्हा प्रत्येक चौरस मीटर कापडातून मिनिटाला १.२ घनमीटर हवा जाते. फौंड्रीच्या बारीक धुळीला हे प्रमाण ठीक मानता येईल. खर्च वाचवण्यासाठी त्याच पंख्यापुढे साठच पिशव्या बसवल्या तर हे प्रमाण दोनपर्यंत जाते, धूळ कापडात खोल रुतते आणि मग कितीही झटकले तरी निघत नाही.

आता झटकण्याचा हिशेब. अनेक ठिकाणी वेळयंत्र लावून दर दहा सेकंदांनी एक ओळ झटकली जाते. दहा ओळी असल्याने प्रत्येक पिशवीला शंभर सेकंदांनी एक हिसका बसतो : तासाला ३६, दोन पाळ्यांच्या सोळा तासांत ५७६ आणि वर्षातील ३०० दिवसांत १ लाख ७२ हजार ८००. प्रत्येक हिसक्यानंतर कापड परत तारेच्या पिंजऱ्यावर आदळते आणि तारेच्या रेघेवर झिजते. धूळ कमी येत असताना, जेवणाच्या सुटीत, साचे तयार नसताना, वेळयंत्र आपले काम चालूच ठेवते. परिणामी बेताचा थरही झटकला जातो, कोरे झालेले कापड धूळ आरपार सोडते आणि दाबलेली हवा वाया जाते. ही हवा स्वस्त नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो.

यापेक्षा शहाणपणाची रीत म्हणजे गरजेप्रमाणे झटकणे. गाळणीच्या अलीकडच्या व पलीकडच्या बाजूंतील दाबाचा फरक मोजला की थर किती जाड झाला ते कळते. हा फरक पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. मोजण्यासाठी काचेची वा पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तीत रंगीत पाणी भरले तरी पुरते. शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानशिक्षक हे साधन दहा मिनिटांत तयार करून दाखवू शकतील. चालू स्थितीतील गाळणीत हा फरक साधारण ७५ ते १५० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांपासून पाऊण वितीपर्यंत असतो. समजा, फरक १२० वर गेला की झटकणे सुरू व्हावे आणि ९० वर आला की थांबावे, अशी कळ बसवली, आणि त्यामुळे झटकण्याचा काळ एकचतुर्थांशावर आला, तर वरील उदाहरणात वर्षाचे हिसके ४३ हजार २०० होतील. पिशव्यांचे आयुष्य त्या प्रमाणात वाढेलच असे नाही, परंतु वाढेल हे निश्चित. या कळीचा खर्च एका संचाच्या पिशव्यांच्या मानाने किरकोळ असतो. तरीही ती न बसवण्याकडेच लहान कारखानदाराचा कल दिसतो, कारण वेळयंत्र गाळणीबरोबर आलेले असते आणि चालू यंत्राला हात लावू नये ही समजूत पक्की असते.

दोन बिघाड, दोन बळी

गाळणी दोन प्रकारे निकामी होते आणि दोन्हींचे परिणाम वेगवेगळ्या माणसांना भोगावे लागतात. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी हा भेद मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

पिशवी फाटली, तिचा कंगोरा भोकात नीट बसला नाही किंवा झटकणे अति झाले, तर धूळ धुराड्यातून बाहेर पडते. धूर दिसतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर व पिकाच्या पानांवर राख बसते, शिरोली-नागाव किंवा गोकुळ शिरगाव-कणेरी परिसरातील गावकऱ्यांची तक्रार होते. हा बिघाड उघड आहे, म्हणून त्याची दाद तरी लागते.

दुसरा बिघाड उलट दिशेचा. पिशव्या चोंदतात, दाबाचा फरक २५० मिलिमीटरच्या पुढे जातो. पंखा तोच असतो. वाढलेल्या विरोधापुढे तो पूर्वीइतकी हवा ओढू शकत नाही. नॉकआउटच्या तोंडाशी बसवलेल्या छत्रीची ओढ कमी पडते आणि उधळलेली धूळ आत न शिरता कामगाराच्या तोंडाशी घोटाळत राहते. धुराडे मात्र लख्ख असते. त्यातून हवाच कमी बाहेर पडते आणि पडते ती दाट थरातून गाळलेली असते. धुराड्यात घेतलेला नमुना मर्यादेच्या आत येतो. गावाची तक्रार नसते. ज्याची तक्रार असायला हवी, तो कामगार पुष्कळदा कंत्राटी असतो आणि त्याच्या छातीत काय साचत आहे हे त्यालाच दहा-पंधरा वर्षांनी कळते. स्वच्छ धुराड्याचा दाखला पुरेसा मानला तर हा बिघाड कधीच पकडला जाणार नाही.

पंखा मोठा बसवून ओढ कायम राखण्याचा उपाय काही जण करतात. तो महागात पडतो. वरील उदाहरणातील हवा तेवढीच ओढत राहून विरोध शंभर मिलिमीटरने वाढला, तर पंख्याची एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरून सुमारे साडेचार किलोवॅट जादा शक्ती लागते. वर्षाच्या ४,८०० तासांत ही वीज २२ हजार युनिटच्या आसपास जाते. शिवाय जास्त ओढीने धूळ कापडात आणखी रुतते.

पावसाळा आणि बेंटोनाइट

कोल्हापूरच्या हवामानाचा या यंत्राशी विशेष संबंध आहे. जून ते सप्टेंबर हवा दमट असते. दमट हवा दाबली की तिच्यातील पाणी वेगळे होते आणि ते टाकीत साचते. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून पाणी सोडले नाही किंवा हवा कोरडी करणारे यंत्र बंद पडले असले, तर प्रत्येक झोताबरोबर पाण्याचे तुषार पिशवीत जातात. कॉम्प्रेसर जुना असेल तर त्यासोबत तेलही जाते. कोणत्याही धुळीला हे बाधक आहे, पण फौंड्रीच्या धुळीत बेंटोनाइट असते आणि पाणी शोषून फुगणे व चिकटणे हाच त्या मातीचा गुण आहे. ज्या गुणासाठी ती साच्यात घालतात तोच गुण गाळणीत वैरी ठरतो. कापडावर गिलावा चढतो, तो वाळून कडक होतो, आणि मग सहा किलोच्या दाबाचा हिसकाही त्याला हलवू शकत नाही.

पाणी आणखी एका वाटेने येते. नॉकआउटच्या वेळी तापल्या वाळूतील पाण्याची वाफ धुळीबरोबरच गाळणीकडे जाते. सकाळी पहिल्या पाळीत पत्रा गार असतो, वाफ त्यावर आणि पिशव्यांवर निवते. उपाय साधे आहेत. नळ व पेटी यांना उष्णतारोधक वेष्टन द्यावे, वाफेच्या हवेत वाळू चाळण्याच्या जागेवरील कोरडी हवा मिसळावी, काम सुरू होण्यापूर्वी काही वेळ पंखा चालवून गाळणी कोरडी करावी. काम संपल्यावर पंखा लगेच बंद केला तर रात्रभर ओलसर धूळ कापडावर मुरते. म्हणून शेवटचा साचा फुटल्यावरही दहा-पंधरा मिनिटे पंखा व झटकणे चालू ठेवतात आणि पंखा थांबल्यावर आणखी एक-दोन फेऱ्या झटकून घेतात. ओढ नसताना धूळ सहज सुटते. पाळी संपल्यावर घरी निघालेल्या माणसाला हे थांबणे जड जाते, हेही खरे.

नव्या पिशव्या बसवल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने धूळ सोडणे ही आणखी एक नेहमीची चूक. कोऱ्या कापडात बारीक कण खोल घुसून कायमचे अडकतात. त्याऐवजी आधी चुन्याची किंवा तत्सम कोरडी पूड ओढून तिचा पातळ थर बसवावा आणि पहिला काही काळ झटकू नये.

कुपोला भट्टीचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे वाळूपेक्षा कोकची राख व ठिणग्या यांचे भय अधिक. पॉलिएस्टरचे कापड साधारण १३० अंशांपर्यंतच टिकते. त्याहून जास्त तापमानास सुमारे २०० अंश सोसणारे अ‍ॅरॅमिड धाग्याचे महाग कापड घ्यावे लागते. एक ठिणगीही पिशवीला भोक पाडण्यास पुरेशी असल्याने वायू आधी थंड करून व ठिणग्या विझवूनच गाळणीत घ्यावा लागतो. इंडक्शन भट्टीत कोक जळत नसल्याने वायूचे प्रमाण पुष्कळ कमी असते. मात्र मोडीबरोबर आलेले तेल, रंग व जस्त यांचा धूर असतोच.

पाहणी करताना

बॅग फिल्टरची तपासणी करण्यास अभियंताच हवा असे नाही. यंत्राजवळ पाच मिनिटे शांत उभे राहिले तरी बरेच कळते. झडप उघडताना ‘डब्’ असा आखूड, ठोस आवाज यावा. एखाद्या ओळीचा आवाज मऊ किंवा लांब आला तर तिची झडप अडकलेली असते. सतत ‘फुस्स’ ऐकू येत असेल तर रबरी पडदा फाटला आहे आणि टाकीत दाबच धरत नसल्याने सगळ्याच ओळी बिनझटकलेल्या राहत आहेत. टाकीवरील दाबमापकाचा काटा प्रत्येक हिसक्याला खाली येऊन पुढच्या हिसक्याआधी मूळ जागी गेला पाहिजे. दाबातील फरक दाखवणारे साधन शून्यावर स्थिर असेल तर गाळणी उत्तम आहे असे समजू नये. बहुधा त्याची बारीक नळी धुळीने बुजलेली असते. नळी फुंकून साफ केल्यावर येणारा आकडा खरा. नॉकआउटच्या छत्रीजवळ हलका दोरा किंवा कागदाची पट्टी धरली तर ओढ आहे की नाही ते कोणालाही दिसते, आणि कामगाराच्या बाजूने धारदार उजेडाची विजेरी मारली तर एरवी न दिसणारी बारीक धूळही चमकताना दिसते.

यंत्राजवळ एक नोंदवही असावी. तीत रोजचा दाबफरक, टाकीतील दाब, बदललेल्या पिशव्यांच्या ओळी व जागा आणि तळातून काढलेल्या धुळीच्या गोण्यांची संख्या लिहिलेली असावी. एकाच जागेची पिशवी पुन्हा पुन्हा फाटत असेल तर दोष पिशवीचा नसून तेथील पिंजऱ्याचा किंवा वाकड्या झोतनळीचा असतो. हे नोंदीशिवाय ध्यानात येत नाही. पिशव्यांवर खर्च होत राहतो आणि पुरवठादाराच्या नावाने बोटे मोडली जातात.

गोण्यांची संख्या सर्वांत बोलकी. पुन्हा वरचेच उदाहरण घेतले आणि दर घनमीटर हवेत दोन ग्रॅम धूळ धरली, तर तासाला सुमारे वीस किलो आणि सोळा तासांत सव्वातीनशे किलो धूळ निघाली पाहिजे. एवढी धूळ तळातून निघत नसेल तर ती एक तर पिशव्यांवर आहे, धुराड्याबाहेर आहे, नाही तर छत्रीत शिरलीच नाही. पुष्कळ ठिकाणी ती तळाच्या नरसाळ्यातच साठू दिली जाते. तळाची झडप हवाबंद नसेल तर बाहेरची हवा तेथून आत घुसते आणि साठलेली धूळ पुन्हा पिशव्यांवर उडवते. नरसाळे धूळ गोळा करण्यासाठी आहे, कोठार म्हणून नव्हे.

आणि निघालेल्या सव्वातीनशे किलोंचे पुढे काय होते, हे विचारणे ग्रामपंचायतीच्या हातचे आहे. उघड्या ट्रॉलीतून नेऊन ओढ्याच्या काठी वा रस्त्याच्या कडेला ओतलेली कोरडी धूळ पहिल्या वाऱ्याला गावात येते. एवढी वीज व हवा खर्चून जी पकडली तीच पुन्हा सुटते, आणि तिच्यातील श्वसनयोग्य सिलिका तशीच असते. तळाशीच पाणी मारून ओली केलेली, बंद गोण्यांत भरलेली व नेमून दिलेल्या जागी मातीखाली टाकलेली धूळ उडत नाही. ती कोणत्या गाडीने, कोठे व किती गेली याची पावती कारखान्याच्या नोंदवहीला जोडलेली असेल, तर गोण्यांचा आकडा आणि पावत्यांचा आकडा जुळतो की नाही हे कोणाही सदस्यास बेरीज करून पाहता येईल.